विकायच्या घराची डागडुजी : खानदेशातला हिशोब

जळगाव-धुळ्याकडे एखादं घर विक्रीला निघालं की दारात पहिला येतो तो रंगारी. आतून डिस्टेंपर, बाहेरून सिमेंट पेंट, गेटला काळा ऑइलपेंट. आठ-पंधरा दिवसांत घर दाखवण्यासारखं होतं आणि मग एजंट गिऱ्हाईक घेऊन येतो. हा क्रम इतका रुळला आहे की त्यात काही चुकतंय असं कुणाच्या मनात येत नाही. पण घराची बांधणी, इथली माती, कायदा आणि आयकर या सगळ्या बाजूंनी पाहिलं तर रंगाऱ्याची पाळी बरीच उशिरा यायला हवी. त्याच्या आधी गवंडी, प्लंबर, वकील आणि भूमी अभिलेखचा मोजणीदार यांची कामं असतात. ती टाळून लावलेला रंग विकणाऱ्याच्याच अंगावर येऊ शकतो.

हा प्रश्न इथे वाढत्या संख्येनं पुढे येतोय, कारण घरं आहेत आणि राहणारे दूर गेले आहेत. खानदेशातून सुरतेला कामासाठी जाण्याची वाट जुनी आहे; पुणे, नाशिक, मुंबईची वाट त्यानंतर रुंद झाली. मुलं तिकडे स्थिरावतात, आई-वडील थकतात किंवा जातात, आणि जळगावच्या रथ चौकाजवळचं, बळीराम पेठेतलं, धुळ्याच्या नंबरांच्या गल्ल्यांमधलं किंवा देवपुरातलं घर कुलूप लावून उभं राहतं. बंद घर राहत्या घरापेक्षा लवकर खराब होतं. गच्चीच्या पन्हाळीत पाला साचतो, टाकीचा व्हॉल्व ठिबकत राहतो, वाळवीला कुणी हटकत नाही. चार-पाच वर्षांनी विकायचं ठरतं तेव्हा भावंडांमध्ये पहिला वाद खर्चावरच होतो : दुरुस्ती करून विकायचं, की आहे त्या स्थितीत?

उत्तर घराच्या जातीवर अवलंबून आहे. ढोबळमानानं इथे तीन जातींची घरं विकायला येतात. जुन्या वस्तीतली सागवानी सांगाड्याची, माती-विटांची, वर धाबं असलेली घरं. सत्तर ते नव्वदच्या दशकांत कॉलन्यांमध्ये बांधलेली भरभक्कम भिंतींची, स्लॅबची बैठी किंवा एकमजली घरं. आणि अलीकडची रो-हाउस व फ्लॅट. तिघांनाही एकच औषध लावलं जातं, आणि पैसा वाया जायला तिथूनच सुरुवात होते.

आधी कायद्याचं बोलू, कारण रंगाचा प्रश्न तिथेच सुटतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा. त्याच्या ५५ व्या कलमात विकणाऱ्याची पहिली जबाबदारी अशी सांगितली आहे : घरात किंवा हक्कात असा मोठा दोष असेल जो विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि घेणाऱ्यानं साधी काळजी घेऊन पाहिलं तरी त्याला सापडला नसता, तर तो विकणाऱ्यानं स्वतःहून सांगितला पाहिजे. कलमाच्या शेवटी आणखी एक वाक्य आहे : हे न सांगणं म्हणजे फसवणूक समजली जाईल. याचा अर्थ नीट लक्षात घेण्यासारखा आहे. भिंतीवरची ओल उघडी दिसत होती तोवर ती घेणाऱ्याच्या नजरेची बाब होती. त्यानं पाहिली, भाव पाडला, विषय संपला. तीच ओल पुट्टी आणि रंगाखाली गेली की डोळ्यांना न दिसणारा दोष तयार होतो, आणि तो सांगण्याचं ओझं विकणाऱ्यावर येतं. म्हणजे तीस-चाळीस हजार रुपये खर्चून मालक आपलीच बाजू कमकुवत करून घेतो. ओल खरोखर काढा, नाहीतर तशीच दिसू द्या. मधला मार्ग महागाचा आहे.

जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ च्या नोबेल पारितोषिकात त्याचा वाटा होता. त्याचा मुद्दा असा की मालाचा दोष विकणाऱ्यालाच माहीत असतो हे सगळ्यांना ठाऊक झालं की घेणारा प्रत्येक मालाला सदोष मालाचाच भाव देऊ लागतो. जुन्या घरांच्या बाजारात हे रोज घडतं. नवा रंग दिसला की अनुभवी गिऱ्हाईक बोटाच्या पेरानं भिंत वाजवून बघतं आणि मनातल्या मनात लाखभर रुपये आधीच वजा करून ठेवतं. प्रामाणिकपणे नीट केलेल्या घरालाही हा भुर्दंड बसतो, कारण नुसत्या रंगावरून दोघांतला फरक कळत नाही.

मग खरी डागडुजी कोणती? खानदेशात तिची सुरुवात पाण्यापासून होते. वाचायला हे विचित्र वाटेल, कारण हा मुलूख तहानलेला म्हणून ओळखला जातो. जळगावात वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, धुळ्याकडे त्याहूनही कमी. पण जो पडतो तो चार महिन्यांत आणि बहुधा सरींनी झोडपून पडतो. त्याआधी मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांवर जातो. दिवसा तापून प्रसरण पावणारा आणि रात्री आकसणारा स्लॅब वर्षानुवर्षं हेच करत राहिला की कोब्याला केसासारख्या भेगा जातात. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी त्या भेगांतून शिरतं, सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो आतून सिमेंट ढकलतो आणि छताचे पोपडे जमिनीवर पडतात. सळया उघड्या पडलेलं छत दिसलं की गिऱ्हाईक पुढच्या खोलीत जातच नाही.

यावर वरवरचं प्लास्टर हा उपाय नाही. सैल झालेलं काँक्रीट ठोकून काढायचं, सळईचा गंज ब्रशनं घासून स्वच्छ करायचा, गंजरोधक थर द्यायचा, सळई फारच झिजली असेल तर शेजारी नवी जोडायची, मग पॉलिमर मिसळलेल्या मसाल्यानं भरून घ्यायचं. आणि हे सगळं वरची गळती थांबल्यावर. गच्चीसाठी इथे विटांच्या तुकड्यांचा कोबा किंवा चायना मोझॅक करतात. दोन्ही चांगले, पण उताराशिवाय दोन्ही निरुपयोगी. शंभर फुटांत एक फूट एवढा ढाळ पन्हाळीकडे असायला हवा. काम झाल्यावर गच्चीवर दोन इंच पाणी दोन दिवस अडवून खालून छत तपासायचं. स्लॅब मुळातच कमजोर असेल तर मात्र हा प्रयोग इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नये, आणि धाब्यावर कधीच करू नये.

खालून चढणारी ओल वेगळी. जोत्यातून पाणी विटांत वर सरकतं, बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात कालवलेल्या मसाल्यातला खार सोबत आणतं, आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर भिंत पांढरी पडून भुसभुशीत होते. टाइल्स चिकटवून ती झाकण्याची पद्धत फार पसरली आहे. त्यानं ओल जात नाही, टाइल्सच्या वर सरकते. प्लास्टर ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत काढून भिंत काही आठवडे उघडी वाळू द्यावी लागते. बाहेरच्या बाजूनं जोत्याभोवती फरशीचा किंवा काँक्रीटचा पट्टा करून पाणी भिंतीपासून दूर काढावं लागतं. बऱ्याच घरांत खरा गुन्हेगार न्हाणीघराचा नळ किंवा मोरीचा फुटका पाइप असतो. तो बदलला की भिंत आपसूक सुकते. जुने लोखंडी पाइप कठीण पाण्याच्या क्षारांनी आतून बुजलेले असतात, त्यामुळे वरच्या मजल्यावर पाण्याला जोर नसतो. जळगाव हे तर पीव्हीसी पाइप बनवणारं गाव. पाइप बदलण्याचं काम इथे फार महाग पडत नाही, आणि नळ उघडून बघणाऱ्या गिऱ्हाइकाला ते लगेच जाणवतं.

मातीचा प्रश्न तापीच्या खोऱ्यात जास्त. केळी आणि कापूस पिकवणारी ही काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घेऊन बांधलेल्या घराच्या भिंतींत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात. त्या बुजवल्या तरी पुढच्या हंगामात परत उघडतात. इथे विकणाऱ्यानं आधी भेग जिवंत आहे की निवलेली, हे पाहावं. भेगेवर काचेची पट्टी किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसचा छोटा ठिपका लावून तारीख लिहून ठेवायची. एक पावसाळा-उन्हाळा गेला आणि ठिपका शाबूत राहिला तर भेग जुनी आहे. ठिपका तडकला तर पायाभोवतीचं पाणी आधी सांभाळायचं. भिंतीला लागून असलेली झाडांची आळी, गळकी हौदाची भिंत, अंगणात सोडलेलं सांडपाणी, यांतून पायाखालची काळी माती एका बाजूला ओली राहते आणि घर तिकडून उचललं जातं. धुळ्याकडे अनेक ठिकाणी मुरूम आणि खडक वरच लागतो, तिथे हा त्रास कमी.

धुळ्याची अडचण दुसरी. ब्रिटिश अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानं १८१९ मध्ये धुळ्याला खानदेशाचं मुख्य ठिकाण केलं, कचेऱ्या बांधल्या, बाहेरच्या व्यापाऱ्यांना येऊन वसण्यासाठी सवलती दिल्या. पेठ आखीव झाली, पण शहर पांझरा नदीच्या काठावरच राहिलं. १८७२ च्या पुरात शेकडो घरं गेली. ऑगस्ट २०१९ मध्येही पांझरेनं काठावरच्या वस्त्यांना पाणी दाखवलं. नदीजवळचं घर विकताना पुराचा इतिहास लपवता येत नाही, गल्लीतलं पोरही सांगतं. त्यापेक्षा वायरिंगचा मुख्य बोर्ड आणि मीटर वर उचलणं, तळमजल्याला पाणी शोषणाऱ्या पुट्टीऐवजी साधं सिमेंट प्लास्टर ठेवणं, ही कामं केलेली असतील तर ती दाखवावीत.

पुराच्या गावात नळाला मात्र कित्येक दिवसांआड पाणी. त्यामुळे धुळ्यात घर बघणारा माणूस, विशेषतः घरातली बाई, दिवाणखान्याआधी हौद बघते. जमिनीखालचा हौद किती लिटरचा, त्याला तडे आहेत का, झाकण घट्ट आहे का, वर चढवायची मोटर चालते का, पावसाळी पाणी बोअरमध्ये सोडण्याची सोय आहे का. जळगावातही हे प्रश्न पहिल्या पाचांत येतात. हौद उपसून, घासून, आतून वॉटरप्रूफ प्लास्टर करून, मोटर दुरुस्त करून घ्यायला जो खर्च येतो तो दिवाणखान्यातल्या पीओपीच्या छतापेक्षा कमीच असतो आणि सौद्यात उपयोगी पडतो तो हाच. खानदेशात घरावर करण्यासारखी एकच सुधारणा निवडायची असेल तर ती पाणीसाठ्याची निवडावी.

उन्हाची तजवीज त्याखालोखाल. गच्चीला चुन्याचा किंवा उष्णता परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचा हात दिला की खालच्या खोलीतला ताप ओळखू येण्याइतका उतरतो. अहमदाबादनं २०१३ मध्ये उष्णतेविरुद्धचा कृती आराखडा आणला आणि पुढे झोपडवस्त्यांतली छतं पांढरी करण्याचं कामही त्यात घेतलं. तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच जाहीर केलं. जळगावच्या एप्रिल-मे महिन्यात वरच्या मजल्यावर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला हा उतरलेला ताप अंगानं समजतो.

आता धाब्याची जुनी घरं. यांच्याबद्दल जरा थांबून बोलावं लागेल, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. सागाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, वर काटक्या-चिपांचा थर आणि त्यावर पांढऱ्या किंवा खारट मातीचा जाड थर, ही धाब्याची रचना. ती उन्हाला उत्तम, पावसाला मात्र दरवर्षी हात मागते : मृगाआधी माती चोपून, नवी घालून ढाळ नीट करावा लागतो. ही निगा थांबली की मालक कंटाळून वर सिमेंटचा कोबा ओततो. शंभर वर्षांच्या तुळयांवर नवं ओझं येतं, आत शिरलेलं पाणी बाहेर पडू शकत नाही, आणि भिंतीत गेलेली तुळईची टोकं कुजतात. वरून घर दुरुस्त दिसतं, आतून ते मोडायला लागलेलं असतं.

अशा घराचा मालक विकताना दोन प्रकारच्या गिऱ्हाइकांना भेटतो. एकाला जागा हवी असते. तो घर पाडून दुकानं किंवा फ्लॅट बांधणार. त्याच्यासाठी एक रुपयाही दुरुस्तीवर घालू नये. सरकारी मूल्यदर तक्त्यातही बांधकामाच्या वयाप्रमाणे घसारा धरला जातो, म्हणजे जुन्या घराची किंमत बहुतांशी जमिनीचीच असते. या गिऱ्हाइकासाठी खरी तयारी म्हणजे नगर भूमापनाकडून मोजणी करून हद्दी कायम करणं. पेठांमधल्या घरांच्या भिंती बहुतेकदा सामाईक असतात. शेजाऱ्याची तुळई आपल्या भिंतीत आणि आपली पन्हाळ त्याच्या बोळात. हे कागदावर नीट लिहून घेतलं नाही तर पाडकामाच्या दिवशी काम थांबतं. तळमजल्याच्या गाळ्यात जुना भाडेकरू असेल तर त्याचा प्रश्नही आधी मिटवायचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ त्याला संरक्षण देतो आणि ते नव्या मालकाविरुद्धही टिकतं.

दुसरं गिऱ्हाईक विरळ, पण वाढतं आहे : जुनं घर जुनं म्हणून हवं असणारं. त्याच्यासाठी सागाच्या खांबांवरचा निळा-हिरवा ऑइलपेंट काढणं हे रंग लावण्यापेक्षा मोलाचं काम. लाकडाला वाळवी असेल तर तिचा बंदोबस्त आधी. उभ्या इमारतीतल्या वाळवीसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस ६३१३, भाग ३ हे मानक आहे; भिंत आणि जमिनीच्या सांध्याला ठरावीक अंतरावर भोकं पाडून औषध सोडतात. काम करणाऱ्याकडून हमीपत्र घ्यावं, ते पुढे घेणाऱ्याच्या हाती देता येतं. आणि एक मोह टाळावा. सौदा ठरल्यावर नक्षीची दारं, पितळी कड्या, कोरीव तुळया वेगळ्या विकण्याचा. हस्तांतरण कायद्याचं आठवं कलम घरासोबत काय जातं ते नावानिशी सांगतं : कुलपं, किल्ल्या, गज, दारं, खिडक्या आणि घराच्या कायम वापरासाठी बसवलेल्या सर्व वस्तू. झोपाळा किंवा देव्हारा न्यायचा असेल तर सौदापावतीतच तसं लिहावं.

सुधारणांमध्ये स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूम यांवर सर्वांत जास्त पैसा जातो. तिथे हात आखडता घेणं शहाणपणाचं. अमेरिकेत घराच्या कोणत्या कामाचा किती पैसा विक्रीत परत येतो याची दरवर्षी पाहणी प्रसिद्ध होते. तिच्यात बरीच वर्षं गॅरेजचं दार, पुढचं दार अशी साधी, बाहेरून दिसणारी कामं वरच्या क्रमांकावर आहेत आणि आलिशान नूतनीकरणं खाली. त्याच देशात १९७२ च्या सुमारास सिअॅटलकडच्या बार्ब श्वार्झ यांनी विकायचं घर नाटकाच्या रंगमंचासारखं सजवण्याची कल्पना रूढ केली आणि तिचा पुढे मोठा व्यवसाय झाला. खानदेशातल्या घरात भाड्याचे सोफे आणून ठेवण्याची गरज नाही. पण त्या कल्पनेतला अर्धा भाग उपयोगी आहे : घर रिकामं करणं. माळ्यावरच्या पेट्या, गच्चीवरचं भंगार, अंगणातली जुनी मोटर आणि पाइपांचे तुकडे काढले की खोली मोठी दिसते, आणि ओल कुठे आहे ते मालकालाही दिसतं. मॉड्युलर किचन घेणारी आपल्या सोयीचं करून घेईल. बसायचा कमोड नसेल तर एक बसवावा, कारण घर घेणाऱ्याच्या घरात म्हातारं माणूस बहुधा असतंच. बंद दिवे, तुटके बोर्ड, न लागणारी खिडकी, करकरणारं गेट, या किरकोळ गोष्टी आधी नीट कराव्यात. वास्तूबद्दल विचारणारे भेटतीलच, पण त्यासाठी संडासाची जागा हलवू नये. नवा मालक वेगळ्या सल्लागाराचं ऐकणार असतो.

परवानगीचं एक पथ्य. प्लास्टर, रंग, फरशी, दारं-खिडक्या दुरुस्ती या साध्या कामांना महापालिकेची बांधकाम परवानगी लागत नाही. पण भिंत पाडणं, बाल्कनी बंद करून खोली करणं, वर पत्र्याची खोली चढवणं, जिना हलवणं याला लागते. विकण्याआधी ‘एक खोली वाढवली तर चार लाख जास्त येतील’ हा हिशोब अनेकांना भुलवतो. मंजूर नकाशात नसलेली खोली बँकेचा मूल्यांकक धरत नाही, आणि आज शहरातलं बहुतेक गिऱ्हाईक कर्जावरच घर घेतं. घराची खरी परीक्षा घेणारा माणूस हा मूल्यांककच. त्याला रंगात रस नसतो. तो नकाशा, क्षेत्रफळ, इमारतीचं वय आणि उरलेलं आयुष्य बघतो. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचं मान्यताप्राप्त स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून स्थैर्य प्रमाणपत्र घेण्याची तरतूद महापालिका कायद्यात आहेच. ते हातात असलं की मूल्यांककाशीही आणि गिऱ्हाइकाशीही बोलणं सोपं जातं.

यावरूनच कागदांची डागडुजी येते. मिळकत पत्रिकेवर आजोबांचंच नाव असणं हा खानदेशातला सर्वांत सार्वत्रिक दोष आहे, आणि तो कोणत्याही गळतीपेक्षा जास्त सौदे मोडतो. वारस नोंद करायची तर सगळ्या वारसांची नावं लागतात, बहिणींची धरून. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मृत्युपत्र न करता गेलेल्या बापाच्या स्वकष्टार्जित घरात मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. वडिलोपार्जित मिळकतीतला जन्मसिद्ध हक्क २००५ च्या दुरुस्तीनं दिला, आणि बाप त्या वेळी हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. तरी ‘बहिणी काही म्हणणार नाहीत’ या भरवशावर इसार घेतला जातो. बहिणीला तिचा हिस्सा द्यायचा की ती स्वखुशीनं सोडणार, हे बांधकामाला हात लावण्याआधी बोलून घ्यावं. सोडणार असेल तर नोंदणीकृत हक्कसोड पत्रानंच. एका भावानं दुरुस्तीला स्वतःचे पैसे घातले असतील तर ते वाटणीत कसे धरायचे, हेही त्याच बैठकीत लिहून ठेवावं. या एका कागदाअभावी सख्खे भाऊ वर्षानुवर्षं बोलत नाहीत.

शहराच्या कडेला गुंठ्यांनी घेतलेल्या प्लॉटवरची घरं हा आणखी एक गुंता. गुंठेवारी कायदा २००१ मध्ये आला आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारी बांधकामांना नियमित होण्याची वाट उघडली. असं घर विकायचं असेल तर त्यावर खर्च करायची पहिली रक्कम नियमितीकरणाच्या शुल्काची. नुसत्या मुखत्यारपत्रावर किंवा साठेखतावर घेतलेलं घर पुढे तसंच विकणं तर बंदच करावं. अशा कागदांनी मालकी जात नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात सांगितलं आहे. घरपट्टी आणि पाणीपट्टीची विक्रीच्या तारखेपर्यंतची बाकीही, वेगळं ठरलं नसेल तर, विकणाऱ्याचीच.

दुरुस्तीच्या पावत्या जपायचं कारण आयकरात आहे. घर चोवीस महिन्यांहून जास्त काळ ताब्यात असेल तर नफा दीर्घकालीन धरतात. २३ जुलै २०२४ पासून त्यावर साडेबारा टक्के कर आहे. त्या तारखेआधी घेतलेल्या घर-जमिनीसाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांक लावून वीस टक्क्यांनी काढलेल्या कराशी तुलना करता येते आणि कमी असेल तो भरता येतो. नफा काढताना सुधारणेचा भांडवली खर्च वजा होतो : नवी खोली, नवा स्लॅब, बोअर, जिना. रंगरंगोटी आणि किरकोळ डागडुजी यांत बसत नाही. १ एप्रिल २००१ पूर्वीचा सुधारणा-खर्च धरत नाहीत. मात्र त्याआधीपासूनच्या घरासाठी त्या दिवशीची बाजारभावाची किंमत खरेदी किंमत म्हणून घेता येते, त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्यावा. गवंड्याला रोखीनं दिलेले आणि कुठेच न लिहिलेले दोन लाख कराच्या हिशोबात शून्य असतात. विक्रीच्या रकमेतही वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं २०१५ पासून आयकर कायद्यानं बंद केलं आहे, इसारासकट.

स्कॉटलंडमध्ये १ डिसेंबर २००८ पासून घर विक्रीला काढतानाच मालकाला सर्वेक्षकाकडून घराचा अहवाल करून घ्यावा लागतो आणि तो प्रत्येक इच्छुकाला दाखवावा लागतो. त्यात प्रत्येक भागाची स्थिती आणि दुरुस्तीची निकड क्रमांकानं दिलेली असते. आपल्याकडे अशी सक्ती नाही, पण कुणी अडवलेलंही नाही. स्थानिक सिव्हिल इंजिनिअरकडून चार पानांचा अहवाल, त्यासोबत केलेल्या दुरुस्त्यांचे फोटो, बिलं, वाळवीचं हमीपत्र, हौदाची क्षमता आणि राहिलेल्या दोषांची यादी अशी एक फाइल मालकानं टेबलावर ठेवली तर ५५ व्या कलमाची जबाबदारी लेखी पार पडते. अॅकरलॉफनं दाखवलेला अविश्वासाचा भुर्दंडही कमी होतो. जळगाव किंवा धुळ्याच्या एजंटांनी ही पद्धत पाडली तर गिऱ्हाइकापेक्षा विकणाऱ्यांचंच भलं होईल.

वेळेचं गणित मात्र इथल्या हंगामाप्रमाणेच बसवावं लागतं. गळती कुठून होते ते जुलै-ऑगस्टमध्येच कळतं. त्या वेळी घरात राहून किंवा चार वेळा येऊन खुणा करून ठेवाव्यात. गवंडीकाम दसऱ्यानंतर, म्हणजे प्लास्टरला थंडीत पाणी मारून मुरायला आणि मग सुकायला सवड मिळते. मोजणी आणि वारस नोंदीचे अर्ज त्याच सुमारास दिलेले असावेत, त्यांना लागतात तेवढे महिने लागतातच. रंग माघ-फाल्गुनात. गुढीपाडव्यापासून घर दाखवायला काढलं तर आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, बोलणी रंगतात. आखाजीला लेकी माहेरी आलेल्या असतात, म्हणून हक्कसोड असो की खरेदीखत, दुय्यम निबंधकाकडे सगळ्यांना एकत्र नेणं तेव्हाच जमतं.

सौदा आखाजीला झाला आणि बँकेचं कर्ज मंजूर होऊन ताबा द्यायला आषाढ उजाडला, असं नेहमी होतं. मधल्या काळात पहिला मोठा पाऊस होऊन गेलेला असतो. सौदापावती ते ताबा या मुदतीत घराची आणि कागदांची काळजी शहाण्या मालकानं घ्यावी तशी घेणं हेही ५५ व्या कलमानं विकणाऱ्यावरच टाकलं आहे. तेव्हा इसार हातात पडल्यावरही मृगाआधी एकदा गच्चीवर चढून पन्हाळी साफ कराव्यात, हौदाचं झाकण लावावं, मोटरचा स्विच बंद करावा आणि शेजारच्या विश्वासू घरी एक किल्ली ठेवावी.